बावीस अर्ज, बावीस नकार : 'पर्सन स्पेसिफिकेशन'ला अर्ज जुळवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

कैरीची_फोड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट. बीपीटी सांगली जिल्ह्यात केलं, मग सहा वर्षं कोल्हापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. त्यातली तीन आयसीयूत, बाकी ऑर्थोमध्ये. लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला आले, लेकीमुळे दोन वर्षं घरी होते. एचसीपीसीचं (इथे फिजिओ म्हणून काम करायला लागणारं) रजिस्ट्रेशन गेल्या वर्षी झालं. नवऱ्याच्या व्हिसावर मला काम करता येतं, त्यामुळे स्पॉन्सरशिपची भानगड नाही.

ऑगस्टपासून एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) बँड ५ च्या, म्हणजे त्या पगारश्रेणीच्या, जागांना २२ अर्ज केले. २२ नकार. मुलाखतीपर्यंत एकदाही पोचले नाही. प्रत्येक जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशनचा, म्हणजे उमेदवाराकडे काय काय हवं त्याचा तक्ता असतो, एका रकान्यात इसेन्शियल (हवंच), दुसऱ्यात डिझायरेबल (असलं तर बरं). मी तो वाचते आणि त्यातलं जवळपास सगळं माझ्याकडे आहे! फॉर्ममध्ये शेवटी 'सपोर्टिंग इन्फर्मेशन'ची मोठी चौकट येते, तिथे मी एक छान लिहून ठेवलेला मजकूर टाकते. एका ओळखीच्यांकडून इंग्रजीही तपासून घेतलंय. रुग्णसेवेची आवड, कष्टाळू, टीममध्ये मिसळून काम करते, नवीन शिकायला उत्सुक वगैरे.

मग अडतंय कुठे? इथे कुणी आतली माणसं असतील तर सांगा.

आडगावचा_शहाणा

आतली माणसं आधीच ठरलेली असतात, जाहिरात नावाला. आमच्या मेव्हण्याने एका ट्रस्टमध्ये (एनएचएसची हॉस्पिटलं चालवणारी संस्था) आठ महिने डोकं आपटलं. शेवटी गोदामात लागला, आता तिथे सुपरवायझर आहे आणि तुमच्या बँड ५ पेक्षा जास्त कमावतो. बघा बुवा.

वार्ड_नं_७

शहाणे, आतला उमेदवार असतो कधीकधी, नाही म्हणत नाही. पण २२ पैकी २२ ठिकाणी नसतो.

कैरीताई, मी मिडलंड्समध्ये फिजिओ टीम लीड आहे. वर्षातून तीन-चारदा शॉर्टलिस्टिंग माझ्या गळ्यात पडतं. आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे तुम्हालाच कळेल कुठे अडतंय.

अर्ज उघडल्यावर तुमचं नाव, वय, पत्ता मला दिसत नाही. एक नंबर दिसतो. शेजारी त्याच पर्सन स्पेसिफिकेशनचे मुद्दे एकाखाली एक असतात, आणि प्रत्येकासमोर मला गुण भरायचा असतो. आमच्याकडे ०, १ किंवा २. हेच काम माझी एक सहकारी तिच्या टेबलावर करत असते. नंतर आकडे समोरासमोर ठेवतो. मागच्या वेळी दोन जागांना १६० च्या वर अर्ज होते. ते मी रात्री लेक झोपल्यावर वाचले. एका अर्जाला पाच-सहा मिनिटं मिळाली असतील.

आता यातली ग्यानबाची मेख. तुमच्याकडे ते कौशल्य आहे की नाही हे मी ठरवत नसते. तुम्ही ते अर्जात लिहिलंय की नाही एवढंच बघते. तीन वर्षं आयसीयू म्हटल्यावर हिला सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) येत असणार, छाती ऐकता येत असणार, हे मला कळत नाही का? कळतं. पण अंदाजाने गुण दिला तर सहकारी विचारते, "कुठे लिहिलंय दाखव." मला दाखवता आलं नाही की शून्य. आणि इसेन्शियलमध्ये एक शून्य म्हणजे बहुतेक वेळा खेळ खलास. डिझायरेबलचे गुण पुढे बरोबरी झाली की कामाला येतात.

आपल्या लोकांचं इथेच चुकतं, आणि मी स्वतः दोन वर्षं चुकले आहे. आपल्याकडे फॉर्म भरणं म्हणजे फोटो, सही, जातीचा दाखला, चलन. फॉर्म बाद होऊ नये एवढीच काळजी, कारण खरी परीक्षा पुढे असते. इथे मुलाखतीआधी वेगळी परीक्षा नाही, फॉर्म हीच लेखी परीक्षा. प्रश्नपत्रिका जाहिरातीसोबत आधीच वाटलेली आहे, आणि तुम्ही प्रत्येक पेपरला तोच एक निबंध लिहून येताय.

टेम्सकाठचा

+१. इथल्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये (सरकारी खात्यात) आहे, आमच्याकडे हे आणखी कडक. २०१८ पासून 'सक्सेस प्रोफाइल्स' म्हणून पद्धत आहे. एकेका बिहेव्हियरला (कामातल्या वागणुकीच्या निकषाला) २५० शब्द, त्याहून एक शब्द जास्त बसत नाही. गुण १ ते ७, आणि साधारण ४ म्हणजे पास. अर्ज फार आले तर फक्त मुख्य बिहेव्हियर वाचून चाळण लावतात, बाकीचं तुम्ही कितीही रक्त आटवून लिहिलेलं असो.

स्टारची पद्धत सगळे सांगतातच : परिस्थिती, जबाबदारी, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय. पण बहुतेक जण परिस्थितीतच १५० शब्द घालवतात. आमचं खातं असं, त्याची रचना तशी, साहेब अमुक. वाचणाऱ्याला तुमच्या खात्याशी देणंघेणं नाही. तिथे दोन वाक्यं पुरेत, तिसरं वाक्य "मी" ने सुरू झालं पाहिजे.

आणि हा "मी"च मराठी माणसाच्या घशात अडकतो. "आम्ही केलं", "विभागाने केलं", "सरांच्या मार्गदर्शनाखाली झालं". लहानपणापासून मी-मी करू नये शिकलोय ना. मी माझ्या पहिल्या मसुद्यात 'आम्ही' मोजले होते. २५० शब्दांत ११.

कैरीची_फोड

वार्डताई, टेम्सदादा, खूप खूप आभार. निबंधाचं वाचून तोंडच बंद झालं.

काल रात्री एका नव्या जाहिरातीचा तक्ता समोर ठेवून बसले. १४ इसेन्शियल आहेत. एक मुद्दा आहे, स्वतःच्या कामाचा प्राधान्यक्रम ठरवता येणे. त्याखाली मी जे लिहिलं त्याचं मराठी असं :

"आमच्या हॉस्पिटलात खूप गर्दी असायची. आम्ही सगळे मिळून कामाचं उत्तम नियोजन करून सर्व रुग्णांना वेळेत सेवा द्यायचो. मला ताणाखाली काम करायची सवय आहे."

वाईट आहे ना?

वार्ड_नं_७

वाईट नाही, रिकामं आहे. एक दिवस सांगा. ठरावीक एक दिवस. त्या दिवशी काय झालं?

कैरीची_फोड

गणपतीच्या आदल्या दिवशीचं आठवतंय. तिघांपैकी दोघं गावी. ऑर्थो वॉर्डात १९ पेशंट, वर आयसीयूत ४, आणि मी एकटी.

आधी आयसीयूत गेले, चार्ट बघितले. एका काकांचा ऑक्सिजन पहाटेपासून वाढवावा लागत होता, छातीत कफ वाजत होता. त्यांना पहिलं घेतलं. उरलेल्या तिघांना दुपारी. मग खाली. गुडघा बदललेल्या तिघी होत्या, ऑपरेशननंतरचा पहिला दिवस, त्यांना उभं करायचंच होतं. चौघांना डिस्चार्ज होता, त्यांना जिना चढवून-उतरवून बघितलं, नाहीतर बेड अडून बसतात. सात जण स्वतःचे स्वतः चालत होते, त्यांना खुर्च्या मांडून एकत्र व्यायाम दिले. उरले पाच. तिघांना संध्याकाळी केलं. दोघांचं राहिलं. सिस्टरना सांगितलं, रजिस्टरमध्ये लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्यांनाच घेतलं.

पण दोघांचं राहिलं हे कसं लिहू? नको ना?

वार्ड_नं_७

अहो, तेच तर लिहायचं! सगळ्यांना वेळेत सेवा दिली म्हणणाऱ्याने प्राधान्यक्रम ठरवलेलाच नसतो. कुणाला तरी मागे ठेवल्याशिवाय क्रम लागत नाही. कुणाला मागे ठेवलंत, का ठेवलंत, कुणाला सांगितलंत आणि नोंद कुठे केलीत, हे दिसलं की माझा हात २ कडे जातो. शिवाय यात तुमचे आणखी तीन मुद्दे फुकटात निघतात : श्वसनाच्या पेशंटचं असेसमेंट, डिस्चार्जचं नियोजन, नोंदी ठेवणं. फक्त ते त्या-त्या मुद्द्याखाली पुन्हा एका ओळीत सांगायचे. वाचणारा शोधत बसणार नाही.

इंग्रजीत हे १२० शब्दांत बसतं. गणपती राहू द्या, "सणाची सुट्टी" पुरे. :)

बाकी काही बारीकसारीक, सुचेल तसं :

मुद्दे तक्त्यात ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने लिहा, आणि त्यांचेच शब्द छोट्या शीर्षकासारखे वर ठेवा. जाहिरातीत "मूव्हिंग अँड हँडलिंग" (पेशंटला उचलणं-हलवणं) असेल तर तुम्हीही तेच म्हणा, स्वतःचा प्रतिशब्द काढू नका. इथे शैलीला गुण नाहीत.

तक्त्यात कडेला एक बारीक रकाना असतो, हा मुद्दा कशावरून तपासणार ते सांगणारा : अर्ज, मुलाखत, की प्रमाणपत्र. नुसत्या प्रमाणपत्रावर तपासायचं असेल तिथे एक ओळ टाकून पुढे चला. "अर्ज" म्हटलंय तिथे शब्द खर्च करा. बहुतेक लोक हा रकाना बघतच नाहीत.

ट्रस्टची मूल्यं जाहिरातीत असतात, ती माळेसारखी ओवून परत पाठवू नका. "मी आदर, करुणा आणि गुणवत्ता यांवर विश्वास ठेवते" याला काय गुण देऊ?

दोन वर्षांची गॅप सरळ लिहा : मुलीचं संगोपन, अमुक महिना ते अमुक महिना. त्याने कुणी बाद करत नाही. तारखांमध्ये न सांगितलेली भगदाडं असली की मात्र प्रश्न येतो.

रेफरन्स निदान मागच्या तीन वर्षांचे लागतात. तुमचं मधलं अंतर धरून कोल्हापूरच्या एचओडींना आत्ताच फोन करा, आणि त्यांचा हॉस्पिटलचा ईमेल मागा. आपले बरेच एचओडी खाजगी मेल देतात, मग इथलं एचआर अडून बसतं.

कैरीची_फोड

एचओडी सर जीमेलवालेच आहेत! आजच फोन करते.

आणखी एक. प्रत्येक जाहिरातीत 'क्लिनिकल ऑडिट'चा अनुभव असतो. मी ऑडिट कधीच केलेलं नाही. तिथे रिकामं सोडू?

वार्ड_नं_७

रिकामं कधीच सोडू नका. तुमच्या हॉस्पिटलला एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) होतं का? त्याच्या वेळी तुम्ही काय करत होतात?

कैरीची_फोड

होतं की. दर महिन्याला वॉर्डात किती पेशंट पडले त्याचा तक्ता करायचे. बाथरूमपाशीच बरेच पडतात असं दिसलं, म्हणून आम्ही... सॉरी, मी सिस्टर इन्चार्जना सांगून ऑपरेशनच्या पेशंटना पहिल्यांदा बाथरूमला नेताना सोबत कुणीतरी असायचंच असं ठरवून घेतलं. पुढचे तीन महिने परत मोजलं.

टेम्सकाठचा

"आम्ही... सॉरी, मी" हे फ्रेम करून लावा.

वार्ड_नं_७

मोजलं, कारण शोधलं, बदल केला, परत मोजलं. ताई, याला ऑडिट म्हणतात. तुमच्याकडे त्याला "एनएबीएचचं काम" म्हणत असतील. शब्द माहीत नसला म्हणून काम केलेलं नसतं असं नाही. पण पुढच्या तीन महिन्यांत आकडा कमी झाला होता का ते नक्की आठवत असेल तरच लिहा. मुलाखतीत विचारतात.

पोळीभाजी

मेलबर्नहून. इथे व्हिक्टोरियाच्या सरकारी नोकऱ्यांत याला 'की सिलेक्शन क्रायटेरिया' म्हणतात, आणि पूर्वी त्याचं वेगळं चार-पाच पानी बाड जोडावं लागायचं. केंद्राच्या खात्यांत आता बऱ्याचदा एकच पानाची 'पिच' मागतात. त्याने सोपं झालंय असं समजू नका. सगळे निकष एका पानात गुंफायचे म्हणजे जास्तच त्रास. माझी बहीण तिच्या पिचवर तीन रविवार बसली होती, घरात स्वयंपाक नाही.

आडगावचा_शहाणा

एवढा कुटाणा कशाला? जाहिरात आणि सीव्ही चॅटजीपीटीला द्या, म्हणा जुळवून दे. दोन मिनिटांत होतं.

वार्ड_नं_७

होतं ना. मागच्या खेपेला नऊ अर्जांत एकाच वळणाचा पहिला परिच्छेद होता. नऊही जणांना "रुग्णकेंद्री उत्कृष्टतेची सखोल तळमळ" होती. त्यात खोटं काही नव्हतं, खरंही काही नव्हतं. गुण द्यायला जागाच सापडेना. शिवाय हल्ली काही जाहिरातींत एआयबद्दल सूचनाच असते, ती वाचून घ्या.

इंग्रजी नीट करून घ्यायला वापरा की, कोण नको म्हणतंय. पण त्या दिवशी काकांचा ऑक्सिजन वाढत होता हे त्याला कुठून ठाऊक असणार?

म्हापशेकर

मी गोव्याचा, स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आलो, आमच्याकडचे बरेच जण आले तसाच. सध्या गोदामात. हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंटची बँड ३ ची जागा निघाली आहे, फॉर्म भरावा असं मनात आहे. पण त्यात केअरचा अनुभव इसेन्शियल लिहिला आहे. माझ्याकडे कसला अनुभव? म्हणून हा धागा नुसता वाचत होतो.

वार्ड_नं_७

दादा, त्या ओळीत पुढे काय लिहिलंय ते नीट वाचून इथे टाका. कधीकधी "पगारी किंवा बिनपगारी" असं असतं.

म्हापशेकर

होय, तसंच आहे. "पेड ऑर अनपेड".

माझ्या आजीला अर्धांग झाला होता, चार वर्षं बिछान्यावर. आई-बाबा कामावर, मी कॉलेज सोडून घरी. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, लाल दिसली की डॉक्टरांना फोन. गिळता येत नव्हतं नीट, म्हणून पेज दाट करून, बसवून भरवायची, आणि नंतर अर्धा तास आडवी करायची नाही. ती मला बाबांच्या नावाने हाक मारायची, मीही ओ द्यायचो. हे धरतात?

वार्ड_नं_७

धरतात. तुम्ही आत्ता लिहिलं त्यात त्वचेची काळजी आहे, गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला भरवणं आहे, आणि गोंधळलेल्या माणसाशी कसं बोलावं तेही आहे. हे तीन वेगळे मुद्दे म्हणून लिहा, एकत्र नको. घरचं आहे म्हणून एका ओळीत उरकू नका. आणि गोदामातलंही लिहा : शिफ्ट, हजेरी, जड वस्तू उचलण्याचं ट्रेनिंग, नव्या माणसाला शिकवणं.

म्हापशेकर

देव बरें करूं, ताई.

टेम्सकाठचा

एक राहिलं. जाहिरातीच्या खाली "अधिक माहितीसाठी संपर्क" म्हणून त्या विभागाच्या मॅनेजरचा नंबर असतो. फोन करा! आपल्याला वाटतं हा वशिला लावणं झालं. इथे तसं समजत नाहीत, तो नंबर त्यासाठीच छापलेला असतो. "या रोटेशनमध्ये (आळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत काम) श्वसनाचं काम किती?" असं विचारा, ते जे सांगतील त्यावरून कुठल्या मुद्द्याला जास्त शब्द द्यायचे ते कळतं. मी पहिला फोन लावायच्या आधी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या होत्या. समोरच्या बाई इतक्या खूश झाल्या की वीस मिनिटं बोलत होत्या.

वार्ड_नं_७

खरं आहे. १६० पैकी चौघांनी फोन केला होता. फोनला गुण नसतात, पण चौघांचेही अर्ज मुद्द्याला धरून होते.

कैरीची_फोड (पाच आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय. २२ नंतर तीनच अर्ज केले, एकेकाला तीन-चार संध्याकाळी लागल्या. हिशेब देते.

पहिला गेलाच नाही. जाहिरातीत तारीख २८ होती, मी २५ ला रात्री बसले तर बंद. पुरेसे अर्ज आले की आधीच बंद करतात हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. सगळा मजकूर वर्डमध्ये होता, म्हणून वाया गेला नाही.

दुसरा नकार. पण या वेळी जाहिरातीतल्या मॅनेजरना मेल करून विचारलं, कुठे कमी पडले? त्यांनी चक्क उत्तर दिलं. बहुतेक मुद्द्यांना पूर्ण गुण, ऑडिटलासुद्धा. एका इसेन्शियलला शून्य : "वेगवेगळ्या ठिकाणी कामासाठी प्रवास करता येणे". कम्युनिटीची, म्हणजे हॉस्पिटलबाहेर पेशंटकडे जाऊन काम करायची जागा होती. माझ्याकडे इथलं लायसन्स आहे, दारात गाडी आहे, आणि मी ते लिहिलंच नाही! लिहिण्यासारखं काही वाटलंच नाही. नवरा म्हणाला, "कोल्हापूरच्या आयसीयूवर चारशे शब्द, आणि गाडी येते हे चार शब्द नाहीत?"

तिसरा : मुलाखतीचं बोलावणं आलंय, पुढच्या गुरुवारी. रोटेशनल बँड ५, ऑन-कॉलसकट. मुलाखतीसाठी वेगळा धागा काढते, वार्डताई तिथेही या प्लीज.

वार्ड_नं_७

अभिनंदन! प्रवासाचा मुद्दा मी सांगायलाच विसरले, तो माझा गुन्हा. दर वेळी पाच-सहा चांगले अर्ज त्यावरच जातात. येते त्या धाग्यावर. गुरुवारच्या आधी एकदा अर्जाची प्रत काढून वाचा, प्रश्न त्यातूनच येतात.

आडगावचा_शहाणा

अभिनंदन. मेव्हण्याला धाग्याची लिंक पाठवली आहे. तो म्हणतो आता उशीर झाला, पण वाचतोय.

कैरीची_फोड

धन्यवाद सगळ्यांना. म्हापशेकरदादा, तुमच्या फॉर्मचं काय झालं?

म्हापशेकर

रविवारी पाठवला. मर्यादा १५०० शब्दांची होती, माझे १४८७ झाले. गाडी नाही, पण बस हॉस्पिटलच्या दारात थांबते, तेही लिहिलं.